तिठ्यावरचा बेडूक

आमच्या वाडीत यंदा भूत आलं ते माझ्यामुळे. भूत म्हणजे एक बेडूक. हिरव्या प्लॅस्टिकचा, पोटाखाली स्प्रिंग आणि रबराची वाटी असलेला. मुंबईच्या बर्गरच्या दुकानात लहान मुलांच्या जेवणाबरोबर फुकट मिळायचा तसला. ही गोष्ट वाडीत सगळ्यांनी आपापल्या परीने सांगून झाली आहे, आणि दर सांगण्यात बेडूक थोडा थोडा मोठा होत चालला आहे. म्हणून आता मीच सांगते.

मी सीता. मालवणच्या बाजारात जन्मले, तिथल्याच एका वाचनालयात लोकांना पुस्तकं देत-घेत नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर सासरच्या घरी राहायला आले. घर धामापूरच्या तळ्याच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत. खरं तर आम्ही दोघं येणार होतो, पण यजमान माझी नोकरी संपायच्या आधीच गेले, म्हणून एकटी आले. वाडीतल्या लोकांनी मला चांगलं वागवलं, खोटं कशाला बोलू. पण जन्मभर सणावारी येऊन गेलेल्या बाईला लोक पाहुणीच समजतात. तिला खुर्ची देतात, चहा देतात, आणि खरं बोलणं ती उठून गेल्यावर सुरू करतात.

मला एक मुलगा, सिद्धेश. बारावी झाल्यावर मुंबईला गेला आणि एका बर्गरच्या दुकानात लागला. आधी बटाटे तळायचा, मग गल्ल्यावर बसला, मग मॅनेजर झाला. तिथे लहान मुलांच्या जेवणाबरोबर खेळणं द्यायचे. दर थोड्या दिवसांनी नवा संच, जुना बंद. उरलेली खेळणी हा विचारून घरी आणायचा. सबंध संच जमला की त्याचा आनंद गगनात मावत नसे. मिसरूड फुटलेला घोड्याएवढा मुलगा, आणि चष्मेवालं घुबड मिळालं म्हणून मला रात्रपाळीहून फोन करायचा. मी हसायचे. मग वाटायचं, लहानपणी याला जत्रेतली शिट्टीसुद्धा घेऊ दिली नव्हती मी, घशात जाईल म्हणून. त्याची भरपाई तो करतोय, करू दे.

पुढे तो न्यूझीलंडला गेला. जाताना खेळण्यांचा खोका माझ्याकडे ठेवला. "आई, पाकिटां फोडू नको हां," म्हणाला. "फोडली काय तेंका इचारणारो कोण नाय. जगात लोक ही जमवतत. मी येऊन घेऊन जातलंय." त्यातलं 'येऊन' तेवढं मी धरून ठेवलं.

खोका मी माळ्यावर ठेवला, डांबराच्या गोळ्या घालून. दर मे महिन्यात खाली काढायचे, उन्हात घालायचे, पाकिटं पुसायचे. आइस्क्रीम धरलेलं अस्वल, लाल शिंगांची गाय, चाकांची होडी, घुबड, बेडूक. प्लॅस्टिकच्या पाकिटातून ती सगळी माझ्याकडे बघायची आणि मी त्यांच्याकडे. हसाल, पण खोका घरात आहे तोवर तो न्यायला सिद्धेश येईल, असा माझा हिशेब होता. तो दर रविवारी फोन करायचा आणि मी पहिल्या घंटीला उचलायचे. बोलणं काय, जेवलीस का, पाऊस किती, गुडघा कसा. यायचं बोलणं निघालं की म्हणायचा, बघू.

यंदाच्या मे महिन्यात मी त्याला म्हटलं, "खोको उन्हात घातलंय हां. सगळां बरां आसा."

"कसलो खोको?"

"तुझ्या खेळण्यांचो."

"अगो आई, तो अजून आसा? टाकून दी. माझ्या ध्यानातसुद्धा नाय."

मग तो तिकडच्या थंडीबद्दल बोलला. मी काय बोलले ते मला आठवत नाही. फोन ठेवल्यावर मला राग आला. रडू नाही, राग. खोका ओढला, कातरी घेतली आणि लाल शिंगांच्या गायीचं पाकीट कापलं. इतकी वर्षं जिला पाकिटाबाहेरून पुसत आले तिला पहिल्यांदा हातात घेतलं. पाठीवरची कळ दाबली तर तिने डोळे मिचकावले. मला वाटलं, बाई, तू तरी कशाला माझ्याबरोबर कुजतेस. मूल बघ एखादं.

आता मूल आणायचं कुठून, हा प्रश्न होता. माझ्या घराकडची पायवाट, देवळाकडची वाट आणि चौके गावाला जाणारा डांबरी रस्ता जिथे मिळतात तो आमचा तिठा. तिथे बसायला एक लांब चिरा आहे, वरून सिमेंटचा गिलावा केलेला. त्याच्यावर बसून लोक एसटीची वाट बघतात. वायरमन सुदेश वाडीत भाड्याने राहायचा, त्याची मुलं, गौरजा आणि शौनक, सकाळी तिथूनच शाळेला जायची. सगळ्या वाडीत शाळेला जाणारी एवढीच दोन. बाकी घरांतून माझ्यासारखी माणसं.

शाळा सुरू झाली तशी एका संध्याकाळी मी गाय नेऊन चिऱ्यावर ठेवली. मुलांना हाक मारून हातात का दिली नाहीस, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. मला लाज वाटली, दुसरं काय. पांढऱ्या केसांच्या बाईने प्लॅस्टिकची गाय घेऊन रस्त्यात उभं राहायचं, आणि मुलं नको म्हणाली तर? त्यापेक्षा त्यांना ती आपली आपण सापडू दे. सापडली की दोघं भांडतील, हसतील, आणि मी खिडकीतून बघेन. मग कधीतरी सहज म्हणेन, माझ्याकडे आणखी आहेत, या घरी.

सकाळी खिडकीतून बघितलं तर गाय चिऱ्यावर आणि मुलं छत्र्या घेऊन पार रस्त्याच्या पलीकडे उभी. मला वाटलं, गाय आवडली नसेल. आजकालच्या मुलांना गायीचं काय कौतुक. दोन दिवसांनी अस्वल ठेवलं. तेही तसंच राहिलं. मग होडी, मग घुबड. चिऱ्यावर वरून जास्वंद वाकलेली आहे, तिची लाल फुलं गळून खेळण्यांच्या मध्ये पडायची. पावसात धुऊन निघालेली खेळणी आणि तांबडीलाल फुलं, मला ते लांबून फार सुंदर दिसायचं. मुलं मात्र रोज आणखी लांब उभी राहायची.

तिठ्यावर काय ठेवतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. दृष्ट काढून ओवाळून टाकलेलं लिंबू, भाताचा मुटका, कधी कणकेची बाहुली. त्या उताऱ्याला कुणी हात लावत नाही, त्याच्यावरून कुणी पाय टाकत नाही. मालवणच्या बाजारातही तिठे आहेत. पण या गायीला कुणी उतारा समजेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या लेखी ती सिद्धेशची गाय होती.

आषाढ संपत आला तेव्हा मी बेडूक नेला. हा बेडूक खाली दाबला की रबराची वाटी घट्ट बसते, आणि थोड्या वेळाने सुटली की तो टुणकन उडतो. बघावं म्हणून मी तो ओल्या गिलाव्यावर दाबला. उडेना. रबर जुनं झालेलं, चिकटून बसलं होतं. बराच वेळ उभी राहिले, मग दिवेलागण झाली म्हणून त्याला तसाच ठेवून घरी आले. त्या दिवशी अमावास्या होती हे मला नंतर कॅलेंडर बघून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई आली. हौसाबाई माझ्या पलीकडच्या घरात एकटीच राहते. वाडीत कुणाला कावीळ झाली, मूल रडायला लागलं, की झाडपाला तिच्याकडून आणतात. माझ्याकडे रोज येणारं माणूस ते एकच.

"आयकलंस मा गो? परशुराम पडलो तिठ्यार," ती दारातूनच म्हणाली. "तिनसानचो चौक्यासून कोंबो घेवन येय होतो. कोंबो सुटता म्हणान गाडी थांबयल्यान. तेवढ्यात भूतान छातयेर उडी मारल्यान. हात गेलो, ताप भरलो. आणि कोंबो तर भूतान खाऊनच टाकल्यान. पीससुद्धा गावाक नाय."

मी आधी हसले. मग चिऱ्यावर दाबून ठेवलेला बेडूक आठवला.

"कोणीतरी करणी केलेली आसा," हौसाबाई खाली बसत म्हणाली. "महिनोभर ठेवतत थंय. लाल शिंगांची गाय ठेवल्यानी. तां तुझ्याच घरार आसतलां. तुझीच वाट ती."

"माझ्यावर कोण करणी करतलो?" मी विचारलं. ते मी मनापासून विचारलं होतं. कुणी वाईट चिंतायलासुद्धा भोवती माणसं लागतात.

परशुराम म्हणजे माझे भावजी, यजमानांचे चुलतभाऊ. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, खणखणीत आवाजाचे, वाडीत कुणाच्याही घरी गाऱ्हाणं घालायचं झालं की पुढे तेच. देवापुढे उभं राहून घरच्यांच्या वतीने सगळ्यांना ऐकू जाईल असं मागणं मागायचं ते गाऱ्हाणं, आणि बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. यजमान गेल्यापासून चतुर्थीला माझ्या घरचं गाऱ्हाणं तेच घालतात आणि विसर्जनाला माझा गणपती तेच डोक्यावरून व्हाळापर्यंत, म्हणजे खालच्या ओढ्यापर्यंत, नेतात. मला गुडघ्यामुळे तो उचलत नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगायचं तर प्रत्येक घरात आपापला गणपती. चतुर्थी महिन्यावर आली होती.

मी लगेच जाऊन सांगायला हवं होतं, हे कळतं मला. पण सांगितलं असतं तर सगळी वाडी भावजींना हसली असती. प्लॅस्टिकच्या बेडकाला घाबरून एसटीचा गडी आडवा झाला, म्हणून. ज्याचं हसं झालं तो माणूस पुन्हा त्या दारात पाऊल ठेवेल का? न सांगावं तर तिठ्यावरून माझ्याकडे येणारी वाट बंद. भाजीवाला यायचा थांबला. सुदेश मुलांना गाडीवरून वरच्या रस्त्याने न्यायला लागला. हौसाबाई तेवढी शेताच्या मेरेवरून चिखल तुडवत यायची. कुठूनही बघितलं तरी माझा गणपती माझ्याच घरात बसून राहणार होता. त्या दिवसांत मला फार एकटं वाटलं. रेडिओ लावायचे आणि त्यातल्या बातम्या देणाऱ्या बाईला हो हो म्हणायचे.

श्रावणात एका सोमवारी गावाने देवीला कौल लावला. असल्या गोष्टींना आता कायदा आहे, पण कायदा मालवणला आणि तिठा आमच्या वाडीत. देवळात सगळी जमली. भावजी हात गळ्यात बांधून पुढे बसलेले. गुरवाने देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. प्रश्न विचारायचा; उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही.

"ह्यां बाहेरच्यांचां काम काय?" गुरवाने विचारलं. डावी पडली.

"मगे गावातल्यांचां?" उजवी पडली.

"बापयाचां?" डावी. "बायलमानसाचां?" उजवी.

देवी खरं बोलत होती, आणि सगळ्या देवळात ते मला एकटीला माहीत होतं.

"एकटी रवता ती?" गुरवाने विचारलं. पाकळी थोडा वेळ थरथरली आणि उजवी पडली.

सगळ्या माना वळल्या. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे हौसाबाईकडे बघत होते. ती माझ्या शेजारी बसली होती, खांद्याला खांदा लावून. गावात एकटी राहणारी बाई कोण, तर झाडपाला देणारी हौसाबाई. मी एकटी राहते हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मी त्यांच्यात धरलेलीच नव्हते, गुन्ह्यालासुद्धा नाही. देवीने इतकं जवळ बोट आणून ठेवलं, तरी.

"मी काय केलंय रे?" हौसाबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

मी उठले. गुडघ्याने कटकन आवाज केला.

"देवीक उगाच त्रास देव नकात," मी म्हटलं. "तां माझां. मी ठेवलंय ती. सिद्धेशाच्या दुकानातली खेळणी. सुदेशाच्या पोरांक म्हणान ठेवलेलंय."

कुणीतरी मागून विचारलं, "आणि भूत?"

"चला, दाखवतंय."

देऊळ ते तिठा लांब नाही. मी पुढे, आणि सगळं गाव चार हात अंतर ठेवून मागे. बेडूक चिऱ्याखालच्या गवतात उताणा पडला होता. मी तो उचलला, पदराने पुसला, गिलाव्यावर दाबला आणि बाजूला झाले. सगळे वाट बघत उभे राहिले. पावसाची भुरभुर चालू होती, पण कुणी छत्री उघडली नाही. आणि मग बेडूक टुणकन उडाला.

आधी सुदेश हसला, मग सगळेच. माणसं पोट धरून हसली. "परशुरामा, भूत बघ तुझां," कुणीतरी म्हणालं. "कोंबो ह्याच्याच पोटात आसतलो रे." हौसाबाई तर डोळे पुसत होती, ते हसून की कशाने ते मी विचारलं नाही. एकटे भावजी हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, गळ्यातला हात सांभाळला आणि घराकडे चालू लागले. मी खेळणी पदरात गोळा केली. माझा गणपती गेला, हे मला तेव्हाच कळलं.

वाट मात्र उघडली. गौरजा आणि शौनक आपल्या आईबरोबर माझ्याकडे आली. मी सगळा खोका त्यांच्यापुढे रिकामा केला, उरलेली पाकिटं कापून. शौनकने होडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि मला अगदी शहाण्यासारखं विचारलं, "ह्याचां काय करूचां?" मी सांगितलं, चालवायची. त्याने ती चालवली, दोनदा, माझ्यासाठी. मग आईचा मोबाइल मागितला. गौरजाने जाताना घुबड घेतलं. तेही तिच्या आईने डोळे वटारले म्हणून.

मग दुसरीच माणसं यायला लागली. आधी देवळातला गुरव. इकडचं तिकडचं बोलला, पाणी प्याला आणि उठता उठता म्हणाला, "त्यातलां एखादां आसलां तर दी गो वयनी. नातवाक." मी त्याला आइस्क्रीमवालं अस्वल दिलं. दुसऱ्या दिवशी खालच्या घरातली म्हातारी आली, तिला नातीसाठी हवं होतं. मग तिची जाऊ. चतुर्थीपर्यंत खोका जवळजवळ रिकामा झाला. लोक आत येऊन बसायचे, खेळणं निवडायला वेळ लावायचे, कळा दाबून बघायचे, आणि आपण हसलो की इकडेतिकडे बघायचे. वाचनालयात मी जन्मभर तेच बघितलं होतं. मुलासाठी म्हणून पुस्तक न्यायचे आणि परत करताना त्यातलं सगळं स्वतःच सांगायचे.

भावजी आले नाहीत. मी दोनदा निरोप पाठवला, उत्तर नाही. त्यांच्या घरातही दुसरं कुणी नव्हतं ज्याच्याकडून सांगावं. माझ्या जाऊबाई डोंबिवलीला नातवाला, समर्थला, सांभाळायला म्हणून गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. तीही माणसं चतुर्थीला येईनाशी झाली होती.

गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, मी माझी मूर्ती रिक्षातून आणली, मांडीवर धरून; घरात रिक्षावाल्याने उचलून ठेवली. भटजी घाईघाईने पूजा करून गेले. आरतीला वाडी आली, भावजींखेरीज. पाचव्या दिवशी दुपारी उत्तरपूजा झाली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि मी मूर्ती जागच्या जागी दाराकडे वळवली. न्यायचा पाट दाराशी ठेवला. आणि बसले. खालून तिठ्यावरून एकेक गणपती जाताना ऐकू येत होता. टाळ जवळ यायचे, लांब जायचे. मला वाटायचं, हा आपल्याकडे वळेल. कुणी वळत नव्हतं. प्रत्येकाच्या डोक्यावर आपापला होता. हौसाबाई म्हणाली, "आपण दोघी उचलूया काय?" आम्ही उचलून बघितला. उंबऱ्यापर्यंतसुद्धा जमलं नाही, आणि ज्याला पोटाशी धरून आणलं त्याला असा टेकवत टेकवत नेताना मला रडू आलं. सरळ रडले. हौसाबाई पाठीवर हात फिरवत राहिली.

टाळ थांबले. खाली सगळं शांत झालं. तेव्हा अंगणात कुणीतरी खाकरलं. भावजी होते. छातीपर्यंत ओलेचिंब, आपला गणपती पोचवून तसेच आलेले.

"गाऱ्हाणां झालां?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

"कोण घालतलो?" मी म्हटलं.

ते गणपतीसमोर उभे राहिले, हात जोडले. दरवर्षी ते एकच मागायचे, वयनीच्या झिलाक घराक हाड, म्हणजे मुलाला घरी आण. यंदा सुरुवात करून मध्येच थांबले. मग तो खणखणीत आवाज जरा खाली आला.

"बा देवा महाराजा, झील येय तेव्हा येवंदे. तोपर्यंत हिच्या दारात माणूस येवंदे रे महाराजा. आणि आमच्यापण."

"व्हय महाराजा," हौसाबाई म्हणाली. मी नुसते हात जोडले.

त्यांनी मूर्ती उचलून डोक्यावर घेतली. एक हात अजून बरा झालेला नव्हता, तो मी खालून धरला. व्हाळापर्यंत आम्ही तसेच गेलो. परत येताना तिठ्यावर ते थांबले.

"तो बेडूक कोणाक दिलंस काय?"

"नाय. आसा."

"दी माका. समर्थाक."

मी घरातून आणून दिला. तो त्यांनी ओल्या शर्टाच्या खिशात घातला आणि गेले.

पुढे सुदेशची बदली झाली आणि वाडीतली दोन मुलंही गेली. दसऱ्याला मी सोनं द्यायला म्हणून घरोघर फिरले. गुरवाच्या घरी अस्वल देवघराच्या फळीवर होतं, कुंकू लागलेलं. खालच्या म्हातारीकडे गाय खिडकीत, रस्त्याकडे तोंड करून. नातीला पाठवली नाही का, असं मी विचारलं नाही. प्रत्येक घरात काही ना काही दिसत होतं, पुसलेलं, नीट ठेवलेलं. मुंबईला एकही गेलं नव्हतं.

भावजींकडे बेडूक टीव्हीवर बसला होता.

"समर्थाक धाडूक नाय?" हे मात्र तोंडातून गेलंच.

"येतलो तेव्हा दितलंय," ते म्हणाले. इतकी वर्षं हेच मी खोक्याकडे बघून म्हणत आले होते. मी मान हलवली.

त्यांनी चहा केला, काळा, गूळ घातलेला. मग बेडूक टीव्हीवरून काढला, टेबलावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला आणि अंगठ्याने दाबला. "बघ हां वयनी. कधी बेगीन उडता, कधी चाय थंड झाली तरी बसान रवता. सांगूक येणा नाय."

आम्ही बघत बसलो. बाहेर कापलेल्या भाताचा वास येत होता. माझ्या पिशवीतला फोन वाजायला लागला. रविवार होता, सिद्धेशचाच असणार.

"उचल गो," भावजी म्हणाले.

"करीन मागाहून," मी म्हटलं. फोन वाजून वाजून थांबला. बेडूक अजून उडायचा होता.